इथे बांधायचं, तिथे चालवायचं

‘विठ्ठलवाडी’ एवढा एकच शब्द एका छोट्या पडद्यावर उमटवायचा आहे. पडद्यामागे रास्पबेरी पाय झीरो हा बोर्ड आहे. २०१५ च्या नोव्हेंबरात तो पाच डॉलरला बाजारात आला. एक गिगाहर्ट्झचा एकच कोअर आणि ५१२ मेगाबाइट मेमरी, एवढाच त्याचा संसार. पाटी दाखवायला हे भरपूर झालं. पण पाटी दाखवणारा प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या याच बोर्डावर कम्पाइल करायला घेतल्या, तर मोठ्या फायलींना मेमरी पुरत नाही. लिनक्स मग कम्पायलरलाच मधून मारून टाकतं, आणि जे काही निभावतं त्याला तासन्‌तास लागतात. म्हणून कम्पाइल करायचं लॅपटॉपवर, जिथे इंटेलचा प्रोसेसर आहे, आणि तयार माल न्यायचा बोर्डावर, जिथे आर्मचा आहे. याला क्रॉस-कम्पायलेशन म्हणतात.

यात कम्पायलरचा भाग सोपा आहे. तो स्वतः इंटेलवर चालतो आणि आर्मच्या सूचना लिहितो, आणि हे काम तो चोख करतो. गोंधळ होतो तो त्याच्याभोवतीच्या शेकडो फायलींत. पडद्यावर एक अक्षर यायचं तर मोठी साखळी लागते. फॉन्टमधल्या वक्ररेषांचे ठिपके करायला फ्रीटाइप, कोणती आकृती कुठे बसवायची हे ठरवायला हार्फबझ, फॉन्ट शोधायला फॉन्टकॉन्फिग, ठिपक्यांची सरमिसळ करायला पिक्समन, त्यावर रेषा आणि रंग काढायला कैरो, चित्रांसाठी लिबपीएनजी, आणि या सगळ्यांच्या पायाशी झीलिब. यातली कोणी १९९१ साली आलेल्या ऑटोकॉन्फवर बांधलेली, कोणी सीमेकवर, कोणी २०१३ नंतरच्या मेसॉनवर. तिघांच्या रीती वेगळ्या, तरी क्रॉस-कम्पायलेशनमध्ये बिनसतं तेव्हा तिघांच्याही बाबतीत मुळाशी एकच प्रश्न सापडतो : समोरची वस्तू कोणत्या यंत्राची आहे? ती फाइल असेल, प्रोग्राम असेल, नाहीतर नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर असेल. ती एकतर लॅपटॉपची असते नाहीतर बोर्डाची. दोन ढीग एकमेकांत मिसळले की बिल्ड मोडतं. आणि मिसळूनही मोडलं नाही, तर जास्त वाईट.

नावांचा घोळ आधीच निस्तरून टाकू. ग्नूच्या परिभाषेत जिथे कम्पाइल करायचं ते यंत्र ‘बिल्ड’ आणि तयार प्रोग्राम जिथे चालणार ते ‘होस्ट’. म्हणजे आपला बोर्ड हा होस्ट. नवखा माणूस हमखास उलट समजतो आणि बोर्डाला ‘टार्गेट’ म्हणतो. टार्गेट हा तिसरा शब्द फक्त कम्पायलरसारखे प्रोग्राम बांधताना लागतो, म्हणजे जे स्वतःच आणखी कुठल्या यंत्रासाठी कोड लिहिणार आहेत असे. तिन्ही यंत्रं वेगवेगळी असली तर त्या प्रकाराला कॅनेडियन क्रॉस म्हणतात. या विषयाची चर्चा चालू होती तेव्हा कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते, एवढंच त्याचं कारण. असल्या विनोदांवर ही मंडळी जगतात.

यंत्राला एक जोडनाव असतं : ‘आर्म-लिनक्स-ग्नूएबीआयएचएफ’. शेवटचं ‘एचएफ’ म्हणजे हार्ड फ्लोट, अर्थात अपूर्णांक असलेल्या संख्या फंक्शनला देताना त्यांच्यासाठी राखलेल्या रजिस्टरांतून द्यायच्या. सॉफ्ट फ्लोटवाली एखादी लायब्ररी मध्ये शिरली, तर एकाने वापरलेली रजिस्टरं दुसऱ्याने वापरलेली नाहीत असं सांगून लिंकर तिथल्या तिथे काम थांबवतो. जुन्या लायब्रऱ्यांच्या बाबतीत हे जोडनावच ओळखलं जात नाही असंही होतं. ऑटोकॉन्फच्या बहुतेक गाठोड्यांत कॉन्फिग.सब आणि कॉन्फिग.गेस अशा दोन स्क्रिप्ट असतात, आणि यंत्रांची यादी त्यांच्यात असते. गाठोडं बांधलं गेलं त्या काळात ६४ बिटी आर्म, म्हणजे ‘एआर्च६४’, नसेल तर स्क्रिप्ट म्हणणारच की असं यंत्र मला माहीत नाही. अशा वेळी लोक उगाच कॉन्फिगर स्क्रिप्ट उकरत बसतात. त्या दोन फायलींच्या नव्या प्रती आणून जुन्यांवर टाकल्या की विषय संपला.

फाइल कोणाची हे ओळखणं मात्र अगदी सोपं आहे, आणि ही सवय लवकर लागलेली बरी. लिनक्सवरच्या प्रत्येक तयार फाइलच्या सुरुवातीला, ईएलएफच्या मथळ्यात, यंत्राचा क्रमांक असतो. ३२ बिटी आर्मचा ४०, ६४ बिटी आर्मचा १८३ आणि ६४ बिटी इंटेल-एएमडीचा ६२. ‘फाइल’ किंवा ‘रीडएल्फ’ हा आदेश दिला की तो क्रमांक नावासकट समोर येतो. लिंकर ‘विसंगत म्हणून वगळतो आहे’ असं पुटपुटत शेवटी ‘लिबपीएनजी सापडत नाही’ म्हणतो, आणि आपल्याला तर ती फाइल डोळ्यांसमोर दिसत असते. तेव्हा तिचा क्रमांक पाहावा. तो ६२ निघतो.

आता कॉन्फिगरकडे वळू, कारण खरी करमणूक तिथे आहे. कॉन्फिगर ही स्क्रिप्ट कम्पाइल करण्याआधी यंत्राची चौकशी करते. हे हेडर आहे का, ते फंक्शन आहे का, पॉइंटर किती बाइटचा. पुष्कळ प्रश्नांची उत्तरं नुसतं कम्पाइल करून मिळतात. पण काही प्रश्न असे असतात की छोटा प्रोग्राम लिहून चालवूनच पाहावा लागतो. आणि तो चालवणार कुठे? लॅपटॉपवर आर्मचा प्रोग्राम चालत नाही. लॅपटॉपचाच प्रोग्राम करून चालवला, तर शिंप्याने स्वतःच्या अंगाचं माप घेऊन गिऱ्हाइकाचा सदरा बेतावा तसं होईल. म्हणून क्रॉस-कम्पायलेशन चालू आहे हे कळल्यावर कॉन्फिगर चालवायचा नाद सोडते आणि अंदाज करते. अंदाज बहुधा वाईटात वाईट शक्यतेचा असतो.

याचं नेहमीचं उदाहरण मॅलॉकचं. ‘शून्य बाइट मेमरी दे’ म्हटल्यावर मॅलॉक काही तरी पत्ता देतो की रिकाम्या हाताने परत पाठवतो, असा एक प्रश्न ऑटोकॉन्फमध्ये आहे. जुना ऑटोकॉन्फ क्रॉसमध्ये धरून चालतो की इथला मॅलॉक बिघडलेला आहे, आणि त्याच्या जागी ‘आरपीएल_मॅलॉक’ नावाचं बदली फंक्शन वापरायला सांगतो. ते फंक्शन लिहायची जबाबदारी लायब्ररीच्या लेखकाची असते. त्याच्या गावी हे नसतं, कारण त्याच्या स्वतःच्या यंत्रावर हा प्रसंग कधी आलेलाच नाही. मग शेकडो फायली बिनतक्रार कम्पाइल झाल्यावर अगदी शेवटी लिंकर म्हणतो, आरपीएल_मॅलॉक नावाचं काही मिळत नाही. कोडमध्ये शोधलं तर तिथेही त्याचं नाव नाही. उपाय असा की कॉन्फिगरला उत्तर आपणच आधी सांगून ठेवायचं. ‘एसी_सीव्ही’ने सुरू होणाऱ्या नावांचे चल याच कामासाठी असतात. त्यातला मॅलॉकचा चल ‘यस’ केला की कॉन्फिगर विचारायलाच जात नाही.

कैरोमध्ये असाच एक जास्त नाजूक प्रश्न आहे. शेअर्ड मेमरीचा एखादा तुकडा काढून टाकायला सांगितला, पण तो अजून कोणीतरी वापरतं आहे. अशा मधल्या वेळात आणखी कोणाला त्याला जोडून घेता येतं का? लिनक्समध्ये येतं, काही युनिक्सांत येत नाही. ही गोष्ट कुठल्या हेडरमध्ये लिहिलेली नसते, त्यामुळे चालवल्याशिवाय कळायला मार्ग नाही. मेसॉनने बांधताना हे उत्तर क्रॉस-फाइलमधल्या ‘प्रॉपर्टीज’ या भागात आपल्या हाताने लिहायचं असतं. मला ही पद्धत ऑटोकॉन्फच्या अंदाजापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते. लिहावं लागतं, पण काय गृहीत धरलं ते एका फाइलमध्ये दिसतं तरी.

चालवल्याशिवाय उत्तर काढायची एक युक्तीही ऑटोकॉन्फच्या जगात आहे, आणि ती जुन्या कैरोच्या कॉन्फिगरमध्ये वापरलेली होती. आठ बाइटची अपूर्णांकी संख्या मेमरीत चार-चार बाइटच्या दोन तुकड्यांत बसते. मोठा तुकडा आधी की लहान आधी? साध्या पूर्णांकांचा क्रम कळला तरी हा प्रश्न उरतोच, कारण जुन्या आर्मवर एक असं फ्लोटिंग पॉइंटचं रूप होतं की प्रत्येक तुकड्याच्या आतले बाइट एका क्रमाने आणि तुकडे दुसऱ्याच क्रमाने. कैरो अपूर्णांकाचा पूर्णांक झटपट करण्यासाठी त्या संख्येच्या बिटांत थेट हात घालते, त्यामुळे तिला हे माहीत असणं भागच आहे.

युक्ती अशी. दोनशेहून जास्त अंकांची एक अगडबंब संख्या निवडलेली आहे. ती मेमरीत ज्या आठ बाइटांत साठते, ते बाइट अक्षरं म्हणून वाचले तर इंग्रजीत ‘नून’ आणि ‘सीज’ असे चार-चार अक्षरी दोन शब्द दिसतात. दोन्ही शब्दांची स्पेलिंगं उलट वाचली तरी तीच राहतात. त्यामुळे तुकड्याच्या आत बाइट कोणत्याही क्रमाने असोत, शब्द बिघडत नाही. दिसतो तो फक्त तुकड्यांचा क्रम. कॉन्फिगर ही संख्या एका फाइलमध्ये लिहिते, आर्मच्या कम्पायलरकडून ती कम्पाइल करून घेते, आणि तयार ऑब्जेक्ट फाइल चालवण्याऐवजी तिच्यात नुसती अक्षरं शोधते. ‘नून’ आधी आला तर मोठा तुकडा आधी, ‘सीज’ आधी आला तर लहान आधी. प्रोग्राम चालला नाही आणि उत्तर मिळालं.

हीही युक्ती एका ठिकाणी हरते. कम्पायलरला एलटीओ, म्हणजे लिंक करताना पुन्हा एकदा सगळ्या कोडवर हात फिरवण्याची सोय, चालू ठेवायला सांगितली असेल, तर ऑब्जेक्ट फाइलमध्ये यंत्राचे बाइट नसतातच. तिथे कम्पायलरची स्वतःची मधली नोंद असते. नूनही सापडत नाही, सीजही नाही. कॉन्फिगर हात टेकते आणि आम्हाला क्रम कळत नाही, तुम्हीच सांगा म्हणते. एवढं स्पष्ट बोलणारी एरर दुर्मीळ आहे. वाचून उत्तर द्यावं आणि पुढे जावं.

याहून किती तरी जास्त वेळ खाणारी जागा म्हणजे पीकेजी-कॉन्फिग. कोणती लायब्ररी कुठे आहे, तिची हेडरं कोणत्या फोल्डरात, लिंक करताना काय लिहायचं, हे सांगणारा हा छोटा प्रोग्राम. प्रत्येक लायब्ररी आपली एक ‘.पीसी’ फाइल ठेवते आणि पीकेजी-कॉन्फिग ती वाचून दाखवतो. तो लॅपटॉपवर आहे, त्यामुळे काही न सांगता विचारलं तर लॅपटॉपच्या लायब्रऱ्यांचे पत्ते देतो. बहुतेक लोक ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ या चलात बोर्डाच्या फोल्डरचं नाव घालतात आणि निश्चिंत होतात. पण तो चल फक्त आणखी एक फोल्डर जोडतो. बोर्डाच्या फोल्डरात एखादी लायब्ररी नसली की पीकेजी-कॉन्फिग गुपचूप लॅपटॉपवरची उचलतो. मूळ यादीच बदलायची तर ‘पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर’ लागतो, आणि मिळालेल्या पत्त्यांच्या आधी बोर्डाच्या फायलींचं मूळ फोल्डर, म्हणजे सिसरूट, लावायला ‘पीकेजी_कॉन्फिग_सिसरूट_डिर’.

लॅपटॉपची लायब्ररी आली तर लिंकर क्रमांक पाहून अडवतो. लॅपटॉपचं हेडर आलं तर अडवायला कोणी नाही, कारण हेडर हा नुसता मजकूर असतो, त्यावर यंत्राचा क्रमांक नसतो. झीलिबचं हेडर इकडचं तिकडे झालं तर एखाद वेळी खपूनही जातं. पण ग्लिब या लायब्ररीचं ग्लिबकॉन्फिग.एच पाहा. पॉइंटर किती बाइटचा, ‘लाँग’ किती बाइटचा हे त्यात आकड्यांत लिहिलेलं आहे : ६४ बिटी लॅपटॉपवर आठ, ३२ बिटी आर्मवर चार. म्हणूनच ही फाइल बाकी हेडरांबरोबर इन्क्लूडमध्ये नसते, तिला लायब्रऱ्यांच्या फोल्डरात, त्या-त्या यंत्राच्या नावाखाली ठेवतात. चुकीच्या यंत्राची उचलली गेली की कम्पाइल होतं, लिंक होतं, आणि बोर्डावर प्रोग्राम कुठे तरी भलत्याच ठिकाणी कोसळतो. कम्पाइल होताना समोरून सरकणाऱ्या लांबलचक ओळींत साध्या ‘/यूएसआर/इन्क्लूड’चा उल्लेख सिसरूटच्या पत्त्याशिवाय दिसला, तर तिथेच थांबून पाहावं. बिल्डरूट आणि योक्टो या तयार बांधणी-व्यवस्थांमध्ये तर असा पत्ता आला की ओरडणारा कम्पायलरच वापरतात.

सिसरूट बोर्डावरून नुसता कॉपी केला असेल तर त्यात एक छुपी फसगत असते. लायब्ररीच्या सुटसुटीत नावाची फाइल ही पुष्कळदा खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी सिमलिंक असते, आणि ती ‘/लिब’ पासून सुरू होणारा पूर्ण पत्ता सांगत असेल तर लॅपटॉपवर आल्यावर लॅपटॉपच्याच ‘/लिब’कडे बोट दाखवू लागते. फाइल तिथे आहे असं यादीत दिसतं, उघडायला गेलं तर नाही. या सगळ्या सिमलिंका सापेक्ष पत्त्यांच्या करून घेणं हे सिसरूट आणल्यावरचं पहिलं काम.

मग येतात ती अवजारं. काही लायब्रऱ्या बांधताना मध्येच एक छोटा प्रोग्राम तयार करतात, तो लगेच चालवतात आणि त्याने लिहिलेली फाइल पुढे कम्पाइल करतात. फ्रीटाइपमध्ये असा ‘एपीआयनेम्स’ नावाचा प्रोग्राम आहे. बाहेर दिसायला हव्यात अशा फंक्शनांची यादी तो काढतो. तो चालणार लॅपटॉपवर, म्हणजे कम्पाइलही लॅपटॉपच्या कम्पायलरने व्हायला हवा, आणि त्याच वेळी बाकी फ्रीटाइप आर्मच्या. एकाच बिल्डमध्ये दोन कम्पायलर. म्हणून फ्रीटाइप ‘सीसी_बिल्ड’ असा वेगळा चल विचारतो. वेलँडमध्ये वेलँड-स्कॅनर, क्यूटीमध्ये मॉक आणि आरसीसी, ही त्याच जातीची अवजारं. क्यूटीच्या सहाव्या आवृत्तीने तर सरळ नियमच केला की क्रॉस करायचं असेल तर आधी लॅपटॉपसाठी क्यूटी बांधून ठेवा आणि तिचा पत्ता आम्हाला द्या. चुकून आर्मचं अवजार चालवायला घेतलं, तर लिनक्स ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ म्हणतं.

क्यूईएमयू वापरून हा प्रश्न टाळताही येतो. फॅब्रिस बेलार्ड यांनी २००३ च्या सुमारास सुरू केलेला हा प्रोग्राम आर्मच्या सूचना इंटेलवर चालवून दाखवतो. कर्नलला एकदा सांगून ठेवलं की आर्मची फाइल लॅपटॉपवर जणू आपलीच असल्यासारखी चालते. मेसॉनमध्ये त्यासाठी ‘एक्झी_रॅपर’ अशी जागा आहे. सोय मोठी आहे. पण मला तिचा धाक वाटतो. दोन ढिगांमधली भिंतच ती पाडते, आणि कोणतं अवजार कोणाचं हे मग कोणी पाहतच नाही. गती मंदावते ते वेगळंच.

फ्रीटाइप आणि हार्फबझ यांच्यात तर अवजारांचाही प्रश्न नाही, तिथे कोंबडी आधी की अंडं आधी असा पेच आहे. हार्फबझला फॉन्ट वाचायला फ्रीटाइप हवा असतो, आणि फ्रीटाइपला अक्षरांच्या कडा आपोआप नीटनेटक्या करताना हार्फबझची मदत हवी असते. तयार वितरणात दोन्ही आधीच हजर असल्याने हे जाणवत नाही. रिकाम्या सिसरूटमध्ये मात्र फ्रीटाइप हार्फबझशिवाय बांधायचा, त्यावर हार्फबझ बांधायचा, आणि मग फ्रीटाइप पुन्हा बांधायचा. ही दुसरी फेरी पुष्कळ जण गाळतात. बहुतेक पाट्यांना त्याने फरक पडत नाही, हेही खरं.

वेगासाठी लिहिलेला कोड ही आणखी एक खाण आहे. आर्ममध्ये निऑन नावाच्या सूचना आहेत, त्या एका झटक्यात अनेक ठिपक्यांवर काम करतात. लिबपीएनजीमध्ये त्यांच्यासाठी ‘आर्म’ या फोल्डरात वेगळ्या फायली आहेत. आता समजा कोणी लिबपीएनजीचा सोर्स आपल्या प्रकल्पात कॉपी केला आणि इंटेलवर चालतं म्हणून फक्त वरच्या फोल्डरातल्या फायली बांधायला घेतल्या. ६४ बिटी आर्मवर निऑन कायमच असतो. हेडर कम्पायलरला विचारतं, निऑन आहे का, कम्पायलर हो म्हणतो, आणि कोड ‘पीएनजी_इनिट_फिल्टर_फंक्शन्स_निऑन’ला हाक मारतो. ते फंक्शन आहे आर्म फोल्डरात, आणि ते फोल्डर बांधायला घेतलेलंच नाही. लिंकर अडतो. ही एरर जगभर इतक्या जणांना आली आहे की तिचं लांबलचक नाव अनेकांना पाठ आहे. एकतर त्या फायली घ्याव्यात, नाहीतर ‘पीएनजी_आर्म_निऑन_ऑप्ट’ शून्य करावा. पहिला उपाय चांगला, पण शून्य करणारेच जास्त, कारण ते एका ओळीत होतं.

आपल्या पाय झीरोची गोष्ट उलट आहे. त्याच्यात निऑन नाही, त्याचा प्रोसेसर आर्मच्या सहाव्या पिढीचा. डेबियनचं ‘आर्म एचएफ’ सातव्या पिढीपासून सुरू होतं. म्हणून तर २०१२ मध्ये रास्पबियन निघालं, ज्यात डेबियनची पॅकेजं सहाव्या पिढीसाठी हार्ड फ्लोटमध्ये पुन्हा कम्पाइल केलेली होती. दोघांचं जोडनाव मात्र एकच. नाव जुळलं म्हणून लॅपटॉपवर डेबियनचा क्रॉस-कम्पायलर टाकला, तर सगळं बिनतक्रार बांधून होतं आणि झीरोवर पहिल्याच पावलाला ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’. मग कोणी सहाव्या पिढीचा फ्लॅग देतं. त्यावर कम्पायलर थम्ब, म्हणजे आर्मच्या आखूड सूचना, आणि हार्ड फ्लोट यांचं जमत नसल्याची दिलगिरी व्यक्त करतो, म्हणून आणखी एक फ्लॅग. एवढं करूनही प्रोग्राम कोसळतोच, कारण प्रत्येक प्रोग्रामच्या तोंडाशी जोडले जाणारे सुरुवातीचे तुकडे आणि कम्पायलरची स्वतःची लायब्ररी डेबियनने आधीच सातव्या पिढीसाठी बांधून ठेवलेली असते. आपले फ्लॅग तिथपर्यंत पोचत नाहीत. क्रॉसटूल-एनजीने सहाव्या पिढीचा कम्पायलर मुळापासून बांधणं हाच स्वच्छ मार्ग. ‘रीडएल्फ’ला आर्मचे गुणधर्म दाखवायला सांगितलं तर ‘टॅग_सीपीयू_आर्च’ या ओळीत व्ही६ की व्ही७ ते लिहिलेलं असतं. मथळ्यातला ४० हा क्रमांक इथे पुरत नाही.

आतापर्यंतचे बहुतेक प्रसंग निदान आवाज करणारे होते. आता बिनआवाजी प्रसंग. एसडीएल_टीटीएफ ही पडद्यावर मजकूर काढणारी लायब्ररी घ्या. हार्फबझ तिच्यासाठी ऐच्छिक आहे. सिसरूटमध्ये हार्फबझ नसेल किंवा पीकेजी-कॉन्फिगला सापडला नसेल, तर कॉन्फिगरच्या शेकडो ओळींत एक ‘नो’ येऊन जातं. बिल्ड पूर्ण होतं. इंग्रजी मजकूर सुरेख दिसतो. आणि ‘विठ्ठलवाडी’ लिहिल्यावर पडद्यावर आधी व येतो, मग त्याच्या उजवीकडे सुटी वेलांटी, ती वला सोडून शेजारच्या ठच्या डोक्यावर छत्र धरते. पुढे ठचा पाय मोडलेला, मग दुसरा ठ. फ्रीटाइपला एका सांकेतिक क्रमांकाची एक आकृती एवढंच कळतं. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी न्यायची, दोन ठ जोडायचे, हे लिपीचे नियम आणि फॉन्टमधले तक्ते पाहून ठरवतो हार्फबझ. फ्रान्समध्ये बसून चाचणी घेणाऱ्याला हा दोष कधी दिसणारच नाही. मराठी पाटी लावणाऱ्याला तो बोर्ड भिंतीवर चढल्यावर दिसतो, आणि तो शिव्या फॉन्टला देतो.

ऑटोकॉन्फ आणि मेसॉन, दोन्हींत ‘सापडलं तर घे, नाहीतर सोड’ अशी मुभा हा शिष्टाचार मानला जातो. स्वतःच्या यंत्रावर बांधताना ती सोयीचीही आहे. क्रॉसमध्ये मात्र मी ती मुळीच ठेवू नये म्हणतो. मेसॉनला ‘ऑटो_फीचर्स’ एनेबल्ड करून सांगता येतं की जे आपोआप ठरणार ते सगळं हवंच आहे, नसेल तर थांब. नको असेल ते एकेक नाव घेऊन बंद करावं. ऑटोकॉन्फमध्ये हेच काम ‘विथ’ आणि ‘विदाउट’ लिहून होतं. कॉन्फिगरच्या शेवटी पुष्कळ लायब्रऱ्या गोषवारा छापतात. कैरो सांगते की चित्राची पीएनजी करण्याची सोय आहे की नाही, फ्रीटाइपचे फॉन्ट आहेत की नाहीत. हा गोषवारा पडद्यावरून वाहून जाऊ न देता फाइलमध्ये ठेवावा आणि मागच्या वेळच्या गोषवाऱ्याशी ताडून पाहावा. एखादी ओळ यसची नो झालेली असते.

सगळं जमल्यावर राहतो फॉन्टकॉन्फिग. ‘प्रीफिक्स’ म्हणून सिसरूटचा पूर्ण पत्ता दिला तर फायली योग्य जागी पडतात आणि बांधणारा खूश होतो. पण तोच पत्ता लायब्ररीच्या पोटात कायमचा लिहिला जातो. बोर्डावर गेल्यावर फॉन्टकॉन्फिग आपली मुख्य फाइल लॅपटॉपवरच्या कोणाच्या तरी होम फोल्डरात शोधतो आणि ती उघडता येत नाही म्हणतो. प्रीफिक्स बोर्डाच्या दृष्टीने द्यायचा, म्हणजे नुसतं ‘/यूएसआर’, आणि बांधलेलं ठेवायचं कुठे ते इन्स्टॉलच्या वेळी ‘डेस्टडिर’ने सांगायचं. ‘स्ट्रिंग्ज’ हा आदेश लायब्ररीवर चालवला की पोटातले पत्ते वाचता येतात. काही जण वेळ वाचवायला फॉन्टांची कॅशही लॅपटॉपवरूनच नेतात. तिचा उपयोग होत नाही. कॅशच्या फायलींच्या नावातच ‘एलई६४’ अशी यंत्राची जात लिहिलेली असते, आणि ३२ बिटी बोर्डावरचा फॉन्टकॉन्फिग तिकडे बघतही नाही. ‘एफसी-कॅश’ बोर्डावरच एकदा चालवून घ्यायचा.